बालीच्या छायाबाहुल्या: विनोद वाढला, मग अर्जुनाने बोलायचं कधी?

सावलीवेडी:
बाली बेटावर वायांग कुलितला, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळाला, आज गर्दी कोण खेचतं असं विचारलं तर पहिलं नाव निघतं ताबानान भागातल्या ई वायान नार्दायाना यांचं. त्यांच्या खेळात क्लेंचेंग आणि चेब्लोंग या दोन गावरान विनोदी बाहुल्या इतक्या लाडक्या झाल्या की त्यांच्याच नावांवरून खेळ 'चेंक ब्लोंक' म्हणून ओळखला जातो. मोठा वाद्यमेळ, गाणाऱ्या बायका, रंगीत विजेचे दिवे, सगळं आहे.

जुनी रीत वेगळी. दलंग, म्हणजे बाहुल्या नाचवणारा, पडद्यामागे मांडी घालून बसतो. तोंडासमोर खोबरेल तेलाचा दिवा टांगलेला. पायाच्या बोटांत लाकडी ठोकळा धरून तो पेटीवर ठोके देतो. साथीला फक्त चार गेंदेर, म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि खाली बांबूच्या नळ्या असलेली वाद्यं. देव आणि राजपुत्र बोलतात कावीत, जुन्या जावानीजमध्ये. ती बहुतेक प्रेक्षकांना कळत नाही, म्हणून पांडवांकडून तुआलेन आणि त्याचा मुलगा मेर्दाह, समोरून बढाईखोर देलेम आणि त्याचा धूर्त भाऊ सांगुत, हे चार सेवक तेच बोलणं चालू बालीत सांगतात.

माझा आक्षेप विनोदाला नाही, त्याच्या वाट्याला आहे. रात्रीचा मोठा भाग सेवकांनी खाल्ला की अर्जुनाच्या वाट्याला चार ओळी उरतात. मग तुआलेन उलगडून सांगणार तरी काय?

गणगवळण:
साफ असहमत. सेवकांनी आजचं बोलायचं ही तिथली जुनीच सोय आहे. महागाई, पर्यटक, गावातली भांडणं, हे सगळं तुआलेन आणि देलेमच्या तोंडून येतं आणि महाभारत चालू असतानाच येतं. नार्दायानांनी ती खिडकी मोठी केली, एवढंच. शिवाय हसवता हसवता ते धर्माचं, आचाराचं बोलतात, आणि ते ऐकायला तरुण पोरं बसतात. कावी शुद्ध ठेवून समोर रिकामं पटांगण असेल तर ती कावी कुणासाठी?

कुडाळचा_चाकरमानी:
आमच्याकडे ट्रिकसीन दशावतारावरून हाच वाद घरोघरी होतो, म्हणून लिहितो. धूर, रोषणाई आली तेव्हा जुने लोक नाराज झाले, पण जत्रेत माणसं थांबली हेही खरं. उलट जवळच पिंगुळीत ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, त्यांच्यातही रामायणच. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कित्येक मराठी माणसांना हा खेळ आपल्याकडे आहे हे पहिल्यांदा समजलं. सन्मान मिळाला तरी रात्रभर बसणारा प्रेक्षक आपोआप परत येत नाही. युनेस्कोने 2003 मध्ये वायांगला गौरवलं, त्याचंही तेच. माझं मत नार्दायानांच्या बाजूने.

तेलवात:
दिव्याबद्दल कुणीच बोलत नाही याचं वाईट वाटतं. तेलाची ज्योत हलते, त्यामुळे बाहुली स्थिर धरली तरी सावली श्वास घेत असते. बाहुली ज्योतीजवळ नेली की सावली मोठी आणि धूसर होते, पडद्याला टेकवली की नक्षीचं एकेक भोक दिसतं. झगझगीत रंगीत प्रकाशात हे हरवतं आणि उरतं ते नुसतं चित्र.

मात्र विजेला सरसकट नाकारणंही मला पटत नाही. 12 ऑक्टोबर 2002 च्या कुटातल्या बॉम्बस्फोटांनंतर बोना गावच्या ई मादे सिदिया यांनी 'दासानामा केर्ता' हा खेळ उभा केला: मोठा पडदा, एकाऐवजी अनेक दलंग, प्रोजेक्टरवरची दृश्यं. हादरलेल्या लोकांना पुन्हा तोल सापडावा म्हणून तो केला होता. तिथे प्रकाश कथेच्या कामाला आला. पोरांना खुर्चीवर बसवून ठेवण्यासाठी दिवे बदलणं ही वेगळी गोष्ट आहे.

पंचांगवाचक:
तुम्ही सगळे प्रेक्षक धरून चालला आहात. बालीत प्रेक्षक नसलेला वायांगही आहे. वायांग लेमाह भर दिवसा, पूजेच्या वेळी होतो. पडदा नाही, दोन फांद्यांमध्ये फक्त सूत ताणलेलं. खेळ देवांसाठी, माणसांनी पाहिला काय, न पाहिला काय.

आणि सापुह लेगेर: बाली पंचांगात 210 दिवसांनी येणाऱ्या 'वायांग' नावाच्या आठवड्यात जन्मलेल्या मुलावर काळ या उग्र देवाचा डोळा असतो अशी श्रद्धा; त्यासाठीचा हा शुद्धीचा खेळ. काळ आपल्याच धाकट्या भावाचा, कुमाराचा पाठलाग करतो आणि ते पोर गेंदेरच्या बांबूच्या नळीत लपतं, अशी ती कथा. खेळानंतर दलंग तीर्थ करून मुलावर शिंपडतो. याला मंत्र आणि विधी शिकलेला दलंगच लागतो. त्या आठवड्यात मुलं जन्मत राहणार, तोवर जुनं शिक्षण टिकणार. मग रात्रीच्या खेळात कुणी हसवलं तर बिघडलं कुठे?

सावलीवेडी:
पंचांगवाचक, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. विधीचा दलंग फक्त विधीवर पोट भरू शकत नाही. त्याला रात्रीची आमंत्रणं लागतात. गावाला एकदा गायिका, मोठा वाद्यमेळ आणि दिव्यांची चटक लागली की चार गेंदेर घेऊन येणाऱ्या सुकावातीच्या, म्हणजे दलंगांसाठी नावाजलेल्या गावच्या, दलंगला कोण बोलावणार? आणि कावीत त्या क्षणी संवाद रचण्याचा सराव त्याला रात्रीच्या लांब खेळातच मिळतो, तासाभराच्या विधीत नाही.

@गणगवळण, म्हणून पटांगण रिकामं असावं असं माझं म्हणणं नाही. चेंक ब्लोंकच्या गर्दीपुढेच अर्जुनाला सलग दहा मिनिटं कावीत बोलू द्या. तेवढं ऐकवण्याची ताकद नार्दायानांच्या तुआलेनमध्ये नक्की आहे.

गणगवळण:
दहा मिनिटं? पाच द्या, आणि मध्ये देलेमला एकदा खोकू द्या. त्यावर माझी सही.