मदत हवी आहे: 'ग्रीफ' की 'सॉरो'? प्रूफ उद्या द्यायचंय

मंडळी, कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझं फ्लेक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल समस्त परिवार' हे मी झोपेतही टाइप करीन. काल मात्र अडकलो.

गल्लीतल्या एका काकांच्या आई वारल्या, वय 94. रक्षाविसर्जन झालं, आता उत्तरकार्याचं कार्ड. मुलगा बंगळुरूला, त्याच्या ऑफिसातल्यांसाठी इंग्रजी मजकूरही हवा. मी नेहमीचं 'विथ प्रोफाउंड ग्रीफ', म्हणजे 'अतीव दुःखाने', टाकलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनवर बोट ठेवलं, "ह्ये ग्रीव्हन्समधलं ग्रीफ न्हवं? त्या ग्रीव्हन्स सेलला दोन वर्सं हेलपाटं घातल्यात मी. म्हातारी गेली म्हनून आमी तक्रार करतोय काय?"

हसू दाबलं. रात्री शोधलं तर काका बरोबर निघाले! 'ग्रीफ' आणि तक्रारीचा 'ग्रीव्हन्स', दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेत, मूळ लॅटिन 'ग्राविस', म्हणजे जड. 'ग्रॅव्हिटी' तिथलीच, आणि गुरुत्वाकर्षणातला आपला 'गुरु'ही त्याच घराण्यातला. उलट 'सॉरो' आणि 'सॉरी' सख्खी भावंडं वाटतात, ती मुळात नाहीतच. सॉरो काळजी-चिंतेतून आलाय, सॉरी दुखऱ्या जखमेतून.

मला समजलंय ते असं: 'ग्रीफ' बहुतेक कुणी गेल्याचं दुःख, ताजं, माणसाला मोडणारं. 'सॉरो' मुरलेलं, शांत. 'सॅड' काय, पेठेची टीम फुटबॉलला हरली तरी चालतं.

तर प्रश्न असा, की नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या आजीसाठी 'प्रोफाउंड ग्रीफ' जास्त होतं का? 'डीप सॉरो' बरं दिसेल? आणि 'ग्रीफ'नंतर 'फॉर' येतं, 'ओव्हर' की 'अ‍ॅट'? मला तिन्ही सापडले.

दुसरं, आपल्या 'दुखवट्या'ला 'मोर्निंग' हाच शब्द ना? त्याची मला धास्ती आहे. मागे एकदा त्यातला यू गाळला आणि अख्खं कुटुंब 'सकाळी' आहे असं छापून गेलं. 200 कार्डं परत, कागद माझ्या अंगावर.

काकांना 'जड' हा अर्थ सांगितला. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे त्येच." मुलगा फोनवर 'सॉरो'वर अडून बसलाय. उद्या दुपारपर्यंत कुणी सांगेल का?