पगार लांबला, पण सांगतंय कोण?

पैशाची ओढाताण कुठल्याही ऑफिसात होते. त्या वेळी तुम्हाला खरं सांगितलं गेलं का? की तुम्हीच काही लपवलंत? लिहा. कंपनीचं नाव नको. सुरुवात मीच करते.

आमचा पगार १ तारखेला व्हायचा. मग ७ झाली, मग १२. विचारलं की उत्तर ठरलेलं, "बँकेचा सर्व्हर डाऊन आहे." सलग तीन महिने! मी अकाउंट्समध्ये, त्यामुळे खरं कारण मला माहीत होतं. ऑर्डरी भरपूर, कागदावर नफाही. पण ग्राहक बिलं चुकती करणार ९० दिवसांनी आणि पगार द्यायचे दर ३० दिवसांनी. कंपनी बुडत नव्हती, हातात रोकड नव्हती. एवढं सांगितलं असतं तरी बरेच जण थांबले असते. मला मात्र तंबी होती, बाहेर बोलायचं नाही. मी डबा घेऊन टेबलाशी गेले की गप्पा थांबायच्या. चौथ्या महिन्यात कामाच्या तिघांनी एकाच आठवड्यात राजीनामे दिले. त्यातली एक जाताना म्हणाली, "तुला माहीत होतं ना गं?" मी फाइल चाळत राहिले.

*

आमचं उलट. मालकांनी सगळ्यांना बोलावून फळ्यावर येणं-देणं मांडलं. स्वतःच्या पगारापुढे शून्य. दोन महिने अर्धा पगार, उरलेला कधी देणार ते लेखी. कुरकुर झालीच, एक जण सोडूनही गेला. शेवटचा हप्ता ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आला, पण उशीर होणार हे आधी सांगितलं होतं.

*

पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफची कपात दिसायची. ती रक्कम पुढे भरलीच जात नव्हती, हे नोकरी सोडल्यावर कळलं. स्लिपा जपून ठेवा आणि खातं स्वतः उघडून बघा. बाकी काय लिहू!

*

मी लपवणाऱ्यांपैकी. पेटी कॅश, म्हणजे ऑफिसच्या किरकोळ खर्चाची रोकड, माझ्याकडे असायची. घरात आजारपण निघालं, पेटीतून पैसे उचलले. पगार झाला की परत ठेवू म्हणून व्हाउचर, म्हणजे पैसे घेतल्याची चिठ्ठी, केलं नाही. नेमकी त्याच आठवड्यात मोजणी. साहेब ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ॲडव्हान्स मागितला असतास तर सही केली असती." पेटी गेली, नोकरी राहिली. पुढे एकदा खरंच ॲडव्हान्सचा अर्ज भरला. चार ओळींचा होता.