प्रतिसाद: कार्डं घरीच लिहा

कार्डं इंग्रजीत असतात म्हणून टॅबू हा कार्डांवरचे शब्द ओळखायचा खेळ म्हाताऱ्या माणसांसोबत खेळता येत नाही, हे मत मला पटत नाही. १९८९ साली आलेल्या या खेळाची सगळी गंमत नियमात आहे. एक शब्द ओळखायला लावायचा, त्याखालचे पाच शब्द तोंडातून काढायचे नाहीत आणि घड्याळ पळत असतं. हे मराठीत तितकंच रंगतं.

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीला सगळे जमले की जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही कार्डं लिहितो. 'पऱ्हाटी' म्हणजे कपाशीचं झाड; त्याखाली कापूस, बोंड, सरकी, वेचणी, वावर हे पाच बंद. पुण्याहून आलेली भाचेमंडळी इथंच अडकली. आजीनं मात्र क्षणात विचारलं, "ज्याच्या काड्या चुलीत घालतो, थे काय व्हय?" आबाजींनी तितक्याच झटक्यात ओळखलं!

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कानात दुसऱ्या गटातल्या कुणीतरी आधी सहाही शब्द सांगायचे, मगच मोबाइलवर मिनिट लावायचं. आणि बंद शब्द मोठ्यांनाच निवडू द्या. समोरच्याच्या तोंडून पहिले काय निघेल, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.