मदत हवी आहे : मेम्ब्रेनमध्ये भरल्यावर ५सीबी लिक्विड क्रिस्टलचं डायइलेक्ट्रिक पीक गायब

ऐरोलीकर
एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, सबमिशन तोंडावर आलंय. साध्या सेलमध्ये (दोन इलेक्ट्रोडमधल्या पातळ फटीत) ५सीबीचं डायइलेक्ट्रिक पीक, म्हणजे बदलत्या विद्युतक्षेत्रातली ऊर्जा जिथे सर्वांत जास्त शोषली जाते ते टोक, काही मेगाहर्ट्झवर छान मिळालं. तेच लिक्विड क्रिस्टल अ‍ॅल्युमिना मेम्ब्रेनमध्ये (आरपार बारीक छिद्रांच्या पातळ पडद्यात) भरलं तर पीक जवळजवळ नाहीसं! शिवाय १ किलोहर्ट्झच्या खाली परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते माप) भलतीच चढते. का? लवकर सांगा प्लीज.

खारघर_लॅब
छिद्रं केवढी? आतून काही लावलंय? तापमान किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वाशी_सर्किट
आयटीओ (पारदर्शक वाहक थर) लावलेली काच असणार. तिचा रोध आणि सेलची कपॅसिटन्स मिळून मेगाहर्ट्झमध्ये खोटं पीक देतात. तुमचं पहिलं पीकच खोटं आहे. सोन्याचे इलेक्ट्रोड घ्या.

ऐरोलीकर
सेल सोन्याचाच आहे सर. मेम्ब्रेन पितळी चकत्यांमध्ये दाबलंय. छिद्रं २०० नॅनोमीटर, ३० अंश. छिद्रांना आतून लेसिथिन (रेणूंची दिशा ठरवणारा स्निग्ध थर) लावलंय, ते तर सगळेच लावतात.

खारघर_लॅब
सगळे लावत नाहीत, आणि उत्तर तिथेच आहे! कोऱ्या अ‍ॅल्युमिनात रेणू छिद्राच्या लांबीला धरून राहतात. लेसिथिनमुळे ते भिंतीला काटकोनात उभे राहतात, म्हणजे छिद्राच्या लांबीने जाणाऱ्या तुमच्या विद्युतक्षेत्रालाही आडवे. मेगाहर्ट्झचं पीक रेणू लांबीच्या टोकांनी उलटतो त्याचं. क्षेत्र आडवं असेल तर ते दिसणार कसं?
खात्री करायची तर १०० किलोहर्ट्झला धरून ३५ अंशांच्या पुढे तापवा. नेमॅटिक अवस्था (रेणू साधारण एकाच दिशेला राहतात ती) संपताना परमिटिव्हिटी वाढली तर रेणू आडवे होते, घटली तर छिद्राच्या दिशेने.


  

वाशी_सर्किट
दिशेचं पटलं. पण १ किलोहर्ट्झखालचा चढ आयनांचा आहे, इलेक्ट्रोडपाशी साठतात. लेसिथिननेही भर पडली असेल.

खारघर_लॅब
आधी ओलावा बघा. पावसाळ्यात नवी मुंबईच्या हवेत अ‍ॅल्युमिना पाणी धरतं. भरण्यापूर्वी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवा.

वाशी_सर्किट
सुकवून आयन जात नाहीत! दोन मेम्ब्रेन एकावर एक ठेवून मोजा. जाडी वाढल्यावर चढही बदलला तर इलेक्ट्रोडचाच प्रताप.

ऐरोलीकर
लेसिथिन न लावलेलं एक मेम्ब्रेन आहे. ते आज ओव्हनमध्ये टाकते, दोन्ही तापवून आकडे इथेच देते. खारघर_लॅब, रिकाम्या मेम्ब्रेनचं मोजमाप वजा करायचं ना?

खारघर_लॅब
नुसतं वजा नाही. छिद्रांनी किती टक्के क्षेत्रफळ व्यापलंय ते धरून हिशेब करा, बाकीचं अ‍ॅल्युमिना समांतर जोडलेलं आहे.