एकाच गटाची दोन खरेदीखतं, आमचं १९९८ चं आणि समोरच्याचं २०२३ चं, सातबारा मात्र त्याच्या नावावर. कोणाचं खरं धरतात?

ऊसकरी_पुणे
नमस्कार मंडळी. गावाकडं पुणे जिल्ह्यात आमची ६० आर जमीन आहे, वडिलांनी १९९८ ला रजिस्टर खरेदीखत करून घेतलेली, पैसे पूर्ण दिलेले आणि ताबा तेव्हापासून आमचाच, ऊस असतो. सातबाऱ्यावर नाव लावायला नोंदीला टाकलं होतं पण कायतरी कागद कमी आहे म्हणून ते अडकलं आणि खरेदीखत आहे ना आपल्याकडं म्हणून वडील परत गेलेच नाहीत. सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहिला. तो वारला, पोरांनी वारस नोंद लावून घेतली आणि २०२३ ला तीच जमीन बाहेरच्या माणसाला विकली, त्याचा फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) पण मंजूर. आम्हाला नोटीस वगैरे काही नाही, गेल्या महिन्यात तो मोजणीवाले घेऊन बांधावर आला तेव्हाच कळलं. म्हणतो सातबारा माझा, ऊस तोडून घ्या आणि रान खाली करा. वडील ७४ चे आहेत, झोप उडालीय त्यांची. प्रांतकडं (उपविभागीय अधिकारी) अपील करायचं का कोर्टात जायचं? आणि आमचं खरेदीखत अजून चालतं का? प्लीज सांगा.

वकील_सातारा
पहिली गोष्ट वडिलांना सांगा, खरेदीखत शिळं होत नाही. नोंद लागली नाही म्हणून १९९८ ची खरेदी रद्द होत नाही. रजिस्टर खरेदीखत झालं त्याच वेळी मालकी वडिलांकडं आली, सातबारा हा महसूल गोळा करण्यासाठीचा रेकॉर्ड आहे, त्याने मालकी येत नाही आणि जात पण नाही. सुप्रीम कोर्टाने हे बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग १९९७ मध्ये सांगितलं आणि जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश २०२१ मध्ये परत सांगितलं. सातबाऱ्यावरची नोंद खरी धरायची असं महसूल संहितेच्या कलम १५७ मध्ये आहे पण ते उलट सिद्ध होईपर्यंतच, आणि तुमचं खरेदीखत हाच उलट पुरावा.

आता दोन खरेद्यांचं. मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ४८, एकाच मालकाने एकाच जमिनीत दोघांना हक्क दिले तर आधीचा वरचढ. तुमच्या केसमध्ये तर त्याहून सरळ आहे, बापाने १९९८ ला विकून टाकल्यावर त्याच्याकडं काही उरलंच नव्हतं, मग वारसांना काय मिळणार आणि ते पुढं काय विकणार. इथं बरेच जण रजिस्टर कधी झालं ती तारीख बघतात, तसं नाही, नोंदणी कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दस्त ज्या दिवशी सही होऊन अमलात आला तिथून मोजतात. तुमच्यात २५ वर्षांचं अंतर आहे म्हणून फरक पडत नाही पण दोन दस्त एकाच महिन्यातले असले की सगळी लढाई याच्यावर होते.

समोरचा म्हणणार मी सातबारा बघून प्रामाणिकपणे घेतली (कलम ४१). पण त्यासाठी त्याने वाजवी चौकशी केली पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे की नोंदणीकृत दस्त म्हणजे सगळ्यांना सूचना, आणि प्रत्यक्ष कब्जा कुणाचा आहे ती पण सूचना. उभा ऊस दिसत असताना हा कुणाचा म्हणून विचारलं नाही आणि इंडेक्स टूचा (नोंदणी झालेल्या दस्तांची सूची) सर्च घेतला नाही तर मला माहीत नव्हतं हे फार चालत नाही.

बांधावरचा_गडी
दादा, वकील साहेबांनी लिहिलंय ते बरोबर, मी फक्त एवढंच सांगतो की नुसतं प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त करत बसू नका. आमच्या चुलत्यांनी तेच केलं. प्रांतनी नोंद रद्द केली, वरती परत कायम झाली, मग फेरचौकशी, आणि शेवटी ऑर्डरमध्ये काय तर मालकीचा वाद असल्याने दिवाणी न्यायालयातून निर्णय घ्यावा. इतकी वर्षं गेली ती गेली, तोवर समोरच्याने तारेचं कंपाऊंड घातलं होतं. अपील ठेवा पण दावा आधी.

वकील_सातारा
अगदी. अपील महसूल संहितेच्या कलम २४७ खाली करा, मुदत ६० दिवसांची असते, उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, नोटीस आलीच नाही हे ठळक लिहा. पण मालकी ठरते दिवाणी कोर्टात. नुसता मनाईचा दावा टाकू नका, तुमच्या मालकीवरच शंका उभी आहे म्हणून जाहीर ठराव (डिक्लरेशन, म्हणजे मालकी आमचीच असं कोर्टाने जाहीर करणं) आणि मनाई दोन्ही मागा, सुप्रीम कोर्टाने अनाथुला सुधाकर २००८ मध्ये हे नीट समजावलंय. २०२३ च्या दस्तावर तुमच्या वडिलांची सही नाही म्हणून तो रद्द करून मागायची गरज नाही, तो आमच्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं (सुप्रीम कोर्ट, सुहृद सिंग २०१०). दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं, त्यामुळं आता थांबू नका. लिस पेंडन्सची (या जमिनीवर दावा चालू आहे अशी) नोटीस पण दुय्यम निबंधकाकडं नोंदवून घ्या, नाहीतर तो उद्या प्लॉट पाडून चार जणांना विकेल आणि तुम्ही चौघांच्या मागं.

नकाशा_मोजणी
एक विचारू का, दोन्ही खरेदीखतांच्या चतुःसीमा जुळवून बघितल्या का? मी मोजणीच्या कामात असतो म्हणून सांगतो, गट एकच असला तरी कधी कधी एकाने पूर्वेकडचा भाग घेतलेला असतो आणि दुसऱ्याच्या दस्तात गटाचं नाव टाकून सगळंच क्षेत्र लिहिलेलं असतं. एकत्रीकरण झालेल्या गावात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांचा मेळ बसत नाही असं पण होतं. जमीन तीच आहे का तिचा तुकडा आहे का हे आधी ठरवा. दाव्यात कोर्ट कमिशनर नेमून मोजणी मागता येते, त्या क प्रतीला (मोजणीच्या नकाशाला) कोर्टात वजन असतं.

ऊसकरी_पुणे
खूप आभार सगळ्यांचे. चतुःसीमा बघितल्या, तीच जमीन आहे, पश्चिमेला ओढा दोन्हीकडं लिहिलाय. भाऊ म्हणतोय त्या वारसांवर ४२० ची (फसवणुकीची) केस टाकू म्हणजे घाबरतील. करू का?

वकील_सातारा
रागाच्या भरात नको. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार, २००९, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दुसऱ्याची जमीन स्वतःची म्हणून विकली तर फसवणूक ज्याने पैसे दिले त्या खरेदीदाराची होते, मूळ मालकाची नाही, आणि स्वतःच्या नावाने सही केली असेल तर तो खोटा दस्त पण नाही. म्हणजे ४२० (आता न्याय संहितेचं ३१८) ची तक्रार खरं तर त्या नवीन माणसाने करायची. त्याच्याशी एकदा शांतपणे बोलून बघा, १९९८ च्या दस्ताची नक्कल दाखवा. त्याचे पैसे त्या वारसांकडं अडकलेत, तुमच्याकडं नाही, हे त्याला पटलं तर तो तुमच्याशी भांडायचं सोडून त्यांच्या मागं लागेल.

आणि वडिलांची साक्ष दाव्यात लवकर नोंदवून घ्यायला वकिलाला सांगा. ते स्वतः खरेदीदार आहेत, पैसे कसे दिले आणि ताबा कधी घेतला हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

बांधावरचा_गडी
ताब्याचे कागद आत्तापासून गोळा करा दादा. कारखान्याची ऊसबिलं, मोटारीचं लाईटबिल वडिलांच्या नावाचं, पाणीपट्टी, शेजारच्या दोघातिघांचे जबाब. पीकपाहणीला मूळ मालकाचंच नाव असणार तुमच्या सातबाऱ्यावर, कोर्टात तेच पहिलं दाखवतील, तेव्हा हे लागणार.

ऊसकरी_पुणे
ऊसबिलं आहेत, आईने पिशवीत जपून ठेवलीत. वडिलांनी तेव्हा नोंदीला टाकलं होतं त्याचा पुरावा कुठं मिळेल?

वकील_सातारा
तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या, १९९८ ते २००० चा नमुना ६ (फेरफार नोंदवही) आणि वादग्रस्त नोंदीचा ६-अ, दोन्हीच्या नकला मागा. रजिस्टर दस्त असेल तर तलाठ्याला वेगळं कळवायची सक्ती महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये नाहीच, कळवायचं काम दुय्यम निबंधकाचं होतं (१५४), म्हणजे नोंद राहिली याचा दोष वडिलांच्या माथी येत नाही. नोंदीवर तुकड्याचा (तुकडेबंदी कायद्याचा) शेरा निघाला तर मला मेसेज करा, मग दाव्याची मांडणी थोडी बदलावी लागेल.