गोळी सुरू करण्याआधी कारण विचारून घे

बाळ तीन महिन्यांचं, तुझं टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन) जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन रक्तात जास्त, आणि डॉक्टरांनी ते कमी बनावं म्हणून कार्बिमाझोल लिहून दिलंय. अंगावर पाजू की नको, असं तू विचारलंयस. पाजणं बंद करू नकोस. कमी डोसमध्ये ही गोळी घेऊन पाजता येतं, डोस तेवढा डॉक्टरांशी बोलून नक्की कर.

पण मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. हा ग्रेव्हज आहे, म्हणजे अँटिबॉडीमुळे थायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन बनवते तो आजार, की बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस? थायरॉइडायटिसमध्ये ग्रंथीला सूज येते आणि आधीच साठलेलं हार्मोन रक्तात उतरतं. नवीन जास्त बनतच नसतं, म्हणून कार्बिमाझोलचा काही उपयोग नाही. धडधडीपुरतं प्रोप्रॅनोलॉल देतात. माझं हेच होतं. झबल्याचे बंद बांधताना बोटं थरथरायची, भरपूर खाऊनही वजन उतरत होतं, आणि घरी सगळे म्हणायचे, ओली बाळंतीण, त्यात जागरणं, होणारच!

टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीची रक्ततपासणी करून घे. ती पॉझिटिव्ह आली तर ग्रेव्हजची शक्यता जास्त. स्कॅन सुचवला तर अंगावर पाजतेस हे आधी सांग. त्यात कधी वापरतात ते किरणोत्सारी आयोडीन तेव्हा चालत नाही.

थायरॉइडायटिस निघाला तर काही महिन्यांनी उलट हार्मोन कमी पडू शकतं, त्यामुळे बरं वाटलं तरी टीएसएच आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) यांच्या तपासण्या करत राहा. आणि कार्बिमाझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी लागते. हे तुला कोणी सांगितलंय का?