अल-अक्सा : धोका खरा, की धोक्याची आरोळीच जास्त घातक?

सावित्रीकाठ

जेरुसलेममधल्या अल-अक्साचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर दोनच प्रकारचा माल येतो. एक, सोनेरी घुमटाखाली ज्वाळा चिकटवलेलं चित्र आणि 'आता तरी जागे व्हा'. दुसरा, 'कुराणात जेरुसलेमचं नावच नाही, मग यांचा हक्क कसला?' माझं म्हणणं दोन्हीकडच्यांना पटणार नाही. धोका आहे, पण तो बुलडोझरचा नाही. तो ठरलेल्या वेळेत, पोलीस बंदोबस्तात, मुघ्राबी दरवाज्यातून, म्हणजे आवारात बिगरमुस्लिमांना आत सोडणाऱ्या दरवाज्यातून, आत येतो.

आधी महत्त्वाचं. हिजरतनंतर मदिनेत साधारण सोळा-सतरा महिने मुसलमान बैतुल मुकद्दसकडे, म्हणजे जेरुसलेमकडे, तोंड करून नमाज पढत होते. काबा किब्ला, म्हणजे नमाजची दिशा, झाला तो नंतर, हिजरी सन २ मध्ये. मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या, रात्री पैगंबर मक्केहून आधी इथे आले आणि इथून वर गेले. पाच वेळची नमाज फर्ज झाली ती त्याच रात्री, म्हणजे महाडच्या मोहल्ल्यात पहाटे होणाऱ्या फजरचं मूळही तिथे जाऊन पोचतं. खास इबादतीसाठी प्रवास करावा तर तीनच मशिदींचा, अशी हदीस आहे: मक्का, मदिना आणि अक्सा. आमच्याकडचे लोक हल्ली अम्मानमार्गे बैतुल मुकद्दसची टूर करतात, पुलावरच्या तपासणीत ताटकळतात, ते याच्यासाठी.

सोनेरी घुमट म्हणजे अक्सा हा गैरसमज मुसलमानांतही आहे. तो कुब्बतुस सखरा, खडकावरचा घुमट. उमय्या खलिफा अब्द अल-मलिकने ६९१-९२ च्या सुमारास उभारलेला. नमाजची मुख्य मशीद दक्षिणेला, करड्या शिशाच्या घुमटाची. पण मुसलमानांच्या लेखी जवळपास ३५ एकरांचं सगळं आवारच अक्सा. 'मशिदीला कोणी हातही लावला नाही' हे वाक्य म्हणूनच करड्या घुमटापुरतं खरं आणि आवारापुरतं खोटं असू शकतं.

१९६७ च्या युद्धानंतर इस्रायलचे संरक्षण मंत्री मोशे दायान यांनी एक घडी बसवली. आतला कारभार जॉर्डनच्या अखत्यारीतल्या वक्फकडे (मुस्लिम धर्मादाय संस्थेकडे), सुरक्षा इस्रायलकडे. ज्यूंनी पाहुणे म्हणून यावं, प्रार्थना करू नये. ही घडी उसवते आहे. ३ ऑगस्ट २०२५ ला इस्रायलचे राष्ट्रीय सुरक्षा मंत्री बेन-ग्वीर यांनी तिथे उघडपणे प्रार्थना केली. पोलीस त्यांच्याच खात्याचे. म्हणजे ज्यांनी अडवायचं तेच पुढे!

पेठकर

ताई, मांडणी चांगली आहे, पण अर्धी आहे. शंभर वर्षं ही मशीद 'धोक्यात' आहे आणि शंभर वर्षं ती जागच्या जागी आहे. मधल्या काळात मेली ती माणसं.

१९२९ मध्ये ज्यू लोक अक्सा बळकावणार अशी आवई उठली आणि हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले. त्यातले कित्येक पिढ्यान्‌पिढ्या अरब शेजाऱ्यांसोबत राहिलेले. १९९० च्या दशकात इस्रायलमधले इस्लामी नेते रायद सलाह यांनी 'अल-अक्सा खतरे में' या घोषणेचे वार्षिक मेळावेच सुरू केले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला हमासने नाव काय दिलं? 'तुफान अल-अक्सा', म्हणजे अल-अक्साचा महापूर. घोषणेला रक्ताची चटक लागली आहे.

आणि ज्यू धर्मातली सर्वांत पवित्र जागा कुठली? तीच, जिथे त्यांचं प्राचीन मंदिर होतं. पश्चिम भिंत नव्हे. ती त्या जागेची फक्त आधारभिंत. स्वतःच्या सर्वांत पवित्र जागी ओठ हलवले म्हणून पोलीस बखोट धरून बाहेर काढतात, अशी वेळ दुसऱ्या कुठल्या धर्मावर त्याच्या स्वतःच्याच राज्यात आली आहे?

मुंब्रा_फास्ट

कसली ज्यूंची जागा? एवढी वर्षं खणतायत, मंदिराचा एक दगड तरी सापडला का? सगळं पश्चिमेने रचलेलं आहे. ज्यूंचा त्या टेकडीशी काडीचा संबंध नाही.

सावित्रीकाठ

मुंब्रा_फास्ट, भाऊ, हे बोलून तू आपल्याच परंपरेवर बोळा फिरवतोयस. बैतुल मुकद्दस सुलेमान नबींनी बांधलं असं हदीसमध्येच आहे. दुसरे खलिफा हजरत उमर जेरुसलेमला आले तेव्हाची, तबरी या जुन्या इतिहासकाराने दिलेली हकिकत वाच. काब अल-अहबार, मूळचा ज्यू, सुचवतो की खडकाच्या मागे उभं राहून नमाज पढावी, म्हणजे दोन्ही किब्ले एका रेषेत येतील. उमर नकार देतात आणि खडक पाठीमागे ठेवून उभे राहतात. खडक कोणाला पवित्र आहे हे माहीत होतं, म्हणूनच हा प्रसंग घडला ना? जेरुसलेमच्या सर्वोच्च मुस्लिम परिषदेने १९२५ मध्ये पर्यटकांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही लिहिलं होतं की हीच सुलेमानच्या मंदिराची जागा, यात वाद नाही. नाकारण्याची टूम नंतरच्या राजकारणाची.

मुंब्रा_फास्ट

मग देऊन टाका त्यांना. झालं.

सावित्रीकाठ

जागा पवित्र होती हे मान्य करणं आणि चावी हातात देणं यात फरक आहे. शांतपणे वाच.

तळटीप

थोडा खवचटपणा करतो. कुराणातल्या सतराव्या सुऱ्याच्या पहिल्या आयतीत 'सर्वांत दूरची मशीद' एवढंच आहे, गावाचं नाव नाही. खडकावरच्या घुमटाच्या आत अब्द अल-मलिकच्या काळचा जो लांबलचक कोरीव मजकूर आहे, त्यात मेराजचा उल्लेखच नाही. आहे ते ईसाबद्दल, म्हणजे येशूबद्दल: तो अल्लाहचा प्रेषित आहे, 'तीन' म्हणू नका, वगैरे. समोर होत्या ख्रिस्ती बायझंटाइन लोकांच्या भव्य चर्च, त्यांना दिलेलं हे उत्तर दिसतं. याकूबी हा जुना इतिहासकार तर म्हणतो की तेव्हा मक्का प्रतिस्पर्धी इब्न अल-झुबैरच्या ताब्यात होती, म्हणून यात्रा इकडे वळवण्यासाठी हे बांधकाम झालं. गोल्डझिहर या अभ्यासकाने ते उचललं, गोइटाइन या दुसऱ्याने खोडलं. वाद अजून मिटलेला नाही. सांगायचं एवढंच की पावित्र्यही टप्प्याटप्प्याने रचलं जातं, राजांच्या पैशाने.

सावित्रीकाठ

याकूबी शिया कलाचा, उमय्यांचा वैरी. त्याची साक्ष पारखूनच घ्यावी लागते. आणि बुखारीत हदीस आहे: मक्केतले कुरैश लोक मेराज खोटी ठरवू लागले तेव्हा पैगंबरांनी काब्याजवळ उभं राहून बैतुल मुकद्दसच्या खुणा सांगितल्या. गाव कुठलं हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. बाकी राजांच्या पैशाचं म्हणाल तर जगातलं कुठलं तीर्थ त्यातून सुटलंय?

अलिबागचा_पांढरा_कांदा

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांचे वंशज, निदान घरात सांगतात तसं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, तिशा बआव, आमच्याकडे 'बिरड्याचा सण'. आजी वालांना मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठ्याने सोलायची. ज्या मंदिरासाठी उपास, ते कुठे होतं याचा नकाशा तिच्या डोक्यात नव्हता. तारीख मात्र पक्की. ज्यूंचं त्या टेकडीशी नातं काय, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन. ते अलिबाग तालुक्यापर्यंत पोचलेलं आहे.

आता उलट बाजू. मुघ्राबी दरवाज्याच्या वाटेवर मुख्य रब्बींच्या धर्मपीठाची पाटी आहे: तोराच्या नियमाप्रमाणे वर जाणं निषिद्ध. मंदिराचा गाभारा नेमका कुठे होता ठाऊक नाही आणि आज कोणी विधीप्रमाणे शुद्ध नाही. त्या शुद्धीला लाल गाईची राख लागते. २०२२ मध्ये टेक्सासहून पाच लाल कालवडी आणल्या, त्या याचसाठी. देणारे कोण, तर अमेरिकन ख्रिस्ती! त्यांना मसीहाची घाई, आमच्या खांद्यावर बंदूक. त्यामुळे पेठकर, 'ज्यूंना प्रार्थना हवी आहे' असं सरसकट म्हणू नका. धर्म कसोशीने पाळणारे बरेचसे वर पाऊलच ठेवत नाहीत. वर जातात त्यांतल्या पुष्कळांना प्रार्थनेपेक्षा मालकी हवी असते.

पेठकर

कांदेसाहेब, तुमचा मुद्दा मोलाचा, पण नियम रब्बींनी ठरवावा, दंगलीच्या भीतीने ठरू नये. आणि वक्फ काही गरीब गाय नाही. १९९६ मध्ये त्यांनी आवाराखालच्या, ज्यांना 'सुलेमानचे तबेले' म्हणतात त्या दालनांत मारवानी मशीद केली. १९९९ मध्ये तिचा दरवाजा काढायला बुलडोझर लावले आणि ट्रकच्या ट्रक माती किद्रोन दरीत नेऊन ओतली, पुरातत्त्वज्ञाला विचारायचं नावही न काढता. ती माती पुढे अभ्यासक वर्षानुवर्षं चाळत बसले. जगातल्या सर्वांत नाजूक जमिनीवर बुलडोझर चालवले ते तिच्या राखणदारांनीच! यावर कोणी 'धोक्यात' म्हणून मोर्चा काढला?

सावित्रीकाठ

नाही काढला, आणि ते काम वाईटच होतं. पण बुलडोझरचाच हिशेब करायचा तर जून १९६७ पासून करा. पश्चिम भिंतीसमोरचं अंगण मोकळं करायला अख्खा मघारिबा मोहल्ला रातोरात पाडला. सलाहुद्दीनच्या मुलाच्या काळापासूनचा वक्फ तो.

आणि 'शंभर वर्षं जागच्या जागी आहे' हे मला फार सोपं वाटतं. २१ ऑगस्ट १९६९ ला डेनिस रोहन नावाच्या ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती माणसाने आग लावली, ती करड्या घुमटाच्या मशिदीतच. त्यात सुलतान नुरुद्दीनचा मिंबर, म्हणजे प्रवचनाचं उंच आसन, गेला. जेरुसलेम परत मिळेल या भरवशावर आधीच अलेप्पोत घडवून ठेवलेला, लाकडाचे बारीक बारीक तुकडे एकमेकांत बसवून केलेला, ११८७ च्या विजयानंतर सलाहुद्दीनने आणून बसवलेला. जॉर्डनने तशाच घडणीचा नवा मिंबर करून बसवेपर्यंत २००७ उजाडलं. १९८४ मध्ये इस्रायलच्या सुरक्षा यंत्रणांनीच एक ज्यू भूमिगत टोळी पकडली. खडकावरचा घुमट उडवायचा त्यांचा बेत होता. १९९० संपेपर्यंत त्यातले सगळे सुटून बाहेर. वेडा माणूस एकच लागतो, हे इस्रायलच्या पोलिसांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तळटीप

विषयांतर: त्या आगीनंतर सप्टेंबर १९६९ मध्ये रबातला मुस्लिम राष्ट्रांची परिषद भरली, आजच्या इस्लामी सहकार्य संघटनेची सुरुवात तिथलीच. भारताला आमंत्रण होतं, फखरुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन गेले आणि पाकिस्तानने अडून बसून त्यांना बैठकीबाहेर ठेवलं. अक्साच्या नावाने कोण कोणाचे हिशेब चुकते करतो त्याचा नमुना.

पेठकर

मग तोडगा बोला ना. वेळा वाटून घ्या. सकाळी अमुक तास हे, दुपारी ते. आपल्याकडे एकाच वास्तूत दर्गा नि समाधी चालतात की.

सावित्रीकाठ

वेळा वाटण्याचा प्रयोग तासाभराच्या अंतरावर झालेला आहे, पेठकर. तुम्ही १९२९ चं हेब्रॉन सांगितलंत, मी १९९४ चं सांगते. २५ फेब्रुवारीला, रमजानमध्ये, फजरच्या नमाजला बारूख गोल्डस्टाइन हा ज्यू माणूस तिथल्या इब्राहिमी मशिदीत शिरला आणि मागून गोळ्या घातल्या. २९ नमाजी गेले. त्यानंतर काय झालं? मशिदीची वाटणी. आत आडोसे उभे राहिले, एक भाग सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा), वर्षातले दहा दिवस पूर्ण वास्तू ज्यूंना, दहा दिवस पूर्ण मुसलमानांना. मार खाल्लेल्यांचीच जागा कमी झाली. जेरुसलेमचा म्हातारा वेळापत्रक हा शब्द ऐकून का बिथरतो, ते हेब्रॉनला जाऊन बघा. २०१७ मध्ये दोन पोलीस मारले गेल्यावर दारांवर मेटल डिटेक्टर लावले, तेव्हा लोक आत न जाता रस्त्यावर नमाज पढले आणि दोन आठवड्यांच्या आत यंत्रं काढावी लागली. तुम्हाला ती हटवादी गर्दी वाटेल. त्यांना ते हेब्रॉनचं पहिलं पाऊल वाटलं.

अलिबागचा_पांढरा_कांदा

पण ताई, ते दोन पोलीस द्रुझ या वेगळ्या धर्मपंथाचे होते, अरबी बोलणारे, आणि हत्यारं आवारात लपवली होती. तेही धाग्यात राहू द्या.

सावित्रीकाठ

राहू द्या. आवारात हत्यार नेणाऱ्याने अक्साची सर्वांत मोठी बेअदबी केली.

पेठकर

नेतन्याहूंच्या कार्यालयाने दरवेळी सांगितलंय की जैसे थे धोरणात बदल नाही. बेन-ग्वीर म्हणजे सरकार नव्हे. १९९४ च्या इस्रायल-जॉर्डन शांतता करारात जॉर्डनची खास भूमिका लेखी मान्य आहे. एवढं असताना 'घडी उसवली' म्हणणं घाईचं.

सावित्रीकाठ

बेन-ग्वीर म्हणजे सरकार नव्हे, पण पोलीस त्यांच्याकडेच आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये रेडिओवर त्यांना विचारलं, तिथे सिनेगॉग बांधाल का, तर 'हो' म्हणाले. त्यानंतरही खातं त्यांच्याकडेच. तुमचा जैसे थे कागदावरचा आहे. दायान यांनी बसवलेली घडी तर धड कागदावरही नव्हती. वक्फचे पहारेकरी जॉर्डनच्या पगारावर, हातात वॉकीटॉकी. मुघ्राबी दरवाज्याची चावी १९६७ पासून इस्रायलकडे. पलीकडच्याने समजूत मोडली तर त्या पहारेकऱ्याने तक्रार कुठे नोंदवायची, तेवढं सांगा.

पेठकर

अम्मानला.

मुंब्रा_फास्ट

आणि अम्मान कुठे नोंदवणार? वॉशिंग्टनला?